दुकान बंद झाले, पण हव्यासाचे काय?



त्या शुक्रवारी कालवारीवर क्रुसाच्या पायथ्याशी काय चालले होते, ते संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. एका बाजूला पवित्र मरिया माता आणि प्रभूचा लाडका शिष्य उभे होते. दुसऱ्या बाजूला चार सैनिक प्रभूच्या वस्त्रांचे चार वाटे करत बसले होते. अंगरखा मात्र बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला होता. तो फाडला तर कोणाच्याच उपयोगाचा राहिला नसता, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. वर एक माणूस प्राण सोडत होता आणि खाली चिठ्ठी कोणाची निघते याकडे डोळे लागले होते. ज्याला तो अंगरखा लाभला, त्याला तो दिवस नशिबाचा वाटला असेल. ही कमाई कोणाच्या अंगावरून उतरवलेली आहे, हे समजण्यासाठी त्याला फक्त मान वर करायची होती.

हे चित्र आज आपल्यासमोर ठेवण्यास कारण आहे. मोबाईलवरून क्रिकेटवर सट्टा लावण्याचे वेड आपल्या तरुणांत आणि तरुणांतच नव्हे, तर चांगल्या संसारी माणसांतही शिरले आहे. सरकारने त्याविरुद्ध मोहीम उघडली आहे. तेव्हा सरकार काय करते आहे, त्याच्या हातात काय नाही आणि आपल्या हातात काय आहे, याचा आपण थोडा विचार करू या.

सरकारने काय केले?

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह 22 बेकायदेशीर सट्टा अॅप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. 2022 पासून जून 2025 पर्यंत अशा सट्ट्याच्या आणि जुगाराच्या संकेतस्थळांविरुद्ध व अॅपविरुद्ध मिळून 1,524 आदेश निघाल्याची माहिती सरकारने दिली. मार्च 2025 मध्ये जीएसटीच्या गुप्तचर विभागाने परदेशातून पैशांचे खेळ चालवणारी 357 संकेतस्थळे अडवल्याचे आणि त्यांच्याशी जोडलेली बँक खाती गोठवल्याचे जाहीर केले. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी स्वतंत्र कायदाच केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, या कायद्याने त्याला मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु एक संकेतस्थळ बंद झाले की नावात एखादे अक्षर बदलून तेच दुकान दुसऱ्या दिवशी पुन्हा थाटले जाते. चालवणारा परदेशात असतो. गिऱ्हाईक मिळवायला व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम पुरे असते. तेथे 'आयडी' मिळतो, पैसे यूपीआयने भरायचे असतात, सुरुवातीला थोडे जिंकूही दिले जाते. मोठी रक्कम काढायला गेले की मात्र कधी 'सर्व्हर' बंद असतो, कधी आधी 'टॅक्स' भरा असा निरोप येतो. पोलिसांत जावे, तर आपणच बेकायदेशीर ठिकाणी पैसे भरलेले, म्हणून तोंड उघडत नाही. या गप्प बसण्यावरच त्यांचा धंदा चालतो.

वडीलधाऱ्यांना मटका आठवत असेल. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत आकडा लागत असे. 1960च्या दशकात मटका सुरू झाला आणि त्याने कित्येक गिरणी कामगारांचे पगार खाल्ले. जुगाराविरुद्ध कायदा तेव्हाही होता. मुंबई इलाख्याचा जुगारबंदी कायदा तर 1887 सालचा आहे. पण तेव्हा आकडा लावायला नाक्यावर जावे लागे. वाटेत चार ओळखीची माणसे भेटत. लाज वाटे, आणि ती लाज अर्धी राखण करत असे. आता नाका खिशात आला आहे. बाप जेवणाच्या टेबलावर बसून, मुलगा अंथरुणात पांघरूण डोक्यावर घेऊन खेळू शकतो. पोलीस तेथे पोहोचत नाही. पोहोचलाच तर घरच्या माणसाचा डोळा आणि स्वतःचा विवेक पोहोचतो.

हिशेब करून पाहू या

"फादर, मला क्रिकेटमधले कळते, मी डोके चालवून लावतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. थोडा हिशेब मांडू या. समजा दोन तुल्यबळ संघ आहेत आणि जिंकण्याची संधी निम्मी-निम्मी आहे. प्रामाणिक भाव द्यायचा तर शंभर रुपये लावणाऱ्याला जिंकल्यावर दोनशे मिळायला हवेत. सट्टेवाला एकशे नव्वदच देतो. म्हणजे दर शंभर रुपयांमागे सरासरी पाच रुपये त्याच्याकडे राहतात. पाच रुपये फार वाटत नाहीत. पण पाचशे-पाचशे रुपये चारशे वेळा लावले की दोन लाखांचा खेळ होतो आणि त्यातले दहा हजार रुपये सरासरीने गेलेले असतात. आजकाल दर षटकावर, दर चेंडूवर सट्टा घेतात, तेव्हा चारशे वेळा लावायला फार दिवस लागत नाहीत. एखादा सामना आपण जिंकूही, परंतु भाव ठरवणारा प्रत्येक सामन्यात आपला वाटा काढून घेतो. शिवाय हा हिशेब प्रामाणिक सट्टेवाल्याचा झाला. पैसेच परत न देणाऱ्याचा हिशेब वेगळा मांडायला नको.

मग सणाच्या हाऊझीचे काय?

हा प्रश्न आम्हांला विचारला जातो आणि तो रास्त आहे. धर्मग्रामाच्या सणाला हाऊझी चालते, रॅफलची तिकिटे विकली जातात. मग धर्मगुरूंनी जुगाराविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलावे?

कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या 2413व्या परिच्छेदात ख्रिस्तसभेने याविषयी आपली शिकवण मांडली आहे. तिचा आशय असा, की नशिबाचे खेळ किंवा पैज ही मुळातच अन्यायाची गोष्ट नाही. पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेसाठी लागणारे धन त्यात जाऊ लागले, की ती नैतिकदृष्ट्या अमान्य होते. शिवाय जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. ही शिकवण सातव्या आज्ञेच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या आज्ञेच्या विवेचनात आली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वीस रुपयांचे हाऊझीचे तिकीट सर्वांसमोर, हसतखेळत घेतले जाते, खेळ तासाभरात संपतो आणि उरलेला पैसा एखाद्या चांगल्या कामी लागतो. तरीही आपल्या घरात या व्यसनाचा माणूस असेल, तर त्याच्या हाती हाऊझीचे तिकीटही देऊ नये. आणि मुलांच्या शाळेची फी, आजारी आईचे औषध, घराचा हप्ता यांतून जो पैसा मोबाईलमध्ये जातो, तो घरच्यांच्या हक्काचा असतो. तो न सांगता उचलणे ही चोरीच आहे, मग कपाटाची किल्ली आपल्याच खिशात असली तरी.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ख्रिस्ती नव्हता. प्रभूच्या जन्मापूर्वी तीनशेहून अधिक वर्षे तो होऊन गेला. औदार्य या सद्गुणाचा विचार करताना त्याने जुगाऱ्याला लुटारूच्या पंक्तीस बसवले. त्याचे कारण असे, की ज्या मित्रांना आपण द्यायला हवे, त्यांच्याचकडून जुगारी मिळवू पाहतो. किती साधी आणि किती खरी गोष्ट! व्यापारात माल देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही लाभ होऊ शकतो. आपल्या शेतकऱ्याने बाजारात भाजी विकली, तर त्याला पैसा मिळतो आणि घेणाऱ्याच्या घरी चूल पेटते. सट्ट्यात मात्र एकाच्या ताटातले गेल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात काही पडत नाही. आपण जिंकलो तेव्हा कोणाच्या तरी लेकराचे दूध जिंकलेले असते. क्रुसाखालच्या सैनिकाने मान वर केली नाही. आपण तरी करणार आहोत का?

भाड्याने दिलेले खाते

आता एक गोष्ट आपल्या तरुण-तरुणींना कळकळीने सांगायची आहे. हा धंदा परदेशातून चालत असला तरी त्याचा पैसा येथल्याच खात्यांतून फिरतो. त्यासाठी सट्टेवाल्यांना साध्यासुध्या माणसांची बँक खाती हवी असतात. "तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दे, महिन्याला एवढे पैसे घे, तुला काही करायचे नाही," असे सांगून मुलांना गाठले जाते. नोकरी शोधणाऱ्या मुलाला ते सोपे वाटते. पुढे तपास लागला की खाते गोठते. गुन्ह्याच्या कागदांवर नाव त्याचे येते. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे त्याला सांगता येत नाही. आपले नाव ही बाप्तिस्म्याच्या वेळी देवासमोर उच्चारलेली गोष्ट आहे. ती भाड्याने देण्याची वस्तू नव्हे. कोणी असे खाते दिले असेल, तर आजच घरी सांगावे, उद्या बँकेत जाऊन ते बंद करून घ्यावे आणि एखाद्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

जे कायद्याला जमत नाही

2025च्या या कायद्यात एक बाब फार विचार करण्यासारखी आहे. खेळ चालवणारा, जाहिरात करणारा, पैशांचे व्यवहार हाताळणारा, या सर्वांना त्यात शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर फसलेला माणूस म्हणून पाहिले आहे. सरकारने त्याला असे पाहावे आणि आपण घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, ख्रिस्ती समूहाने त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून बोट दाखवावे, हे आपल्याला शोभेल का?

जुगाराचे व्यसन हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनाही मानते. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावायचे, त्यासाठी उसने घ्यायचे, उसने लपवण्यासाठी खोटे बोलायचे, अशी ती साखळी असते. म्हणून संकेतस्थळ बंद झाले तरी ओढ बंद होत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप घराबाहेर धावत गेला. पण एक गोष्ट आपण विसरतो. मुलगा डुकरांच्या कळपात असताना बापाने तेथे पैसे पाठवले नाहीत. मुलगा शुद्धीवर आला, उठला, घराकडे निघाला आणि बापाने त्याला दुरून पाहिले. प्रेमात या दोन्ही गोष्टी असतात. दार उघडे असते आणि पैशांची पिशवी बंद असते.

अनेक माता मुलाचे कर्ज गुपचूप फेडतात, दागिने मोडतात, नवऱ्याला कळू देत नाहीत. त्यांचे काळीज आम्ही समजू शकतो. परंतु सत्य उघड न करता फेडलेले कर्ज पुढच्या सट्ट्याचे भांडवल होते. आधी सगळे कर्ज एका कागदावर लिहून काढावे. पती-पत्नीने, आई-वडिलांनी एकत्र बसून तो कागद वाचावा. काही काळ पगार आणि कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावे. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. मन खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर बोलावे. आणि धर्मगुरूंच्या निवासाचे दार आहेच. येथे आलेल्याची कथा वाडीत जाणार नाही, हा आमचा शब्द आहे.

समूहाच्या पुढच्या सभेत या विषयावर मोकळेपणाने बोलावे, ही विनंती. कोणाचे नाव घेऊ नये, कुजबूज करू नये. ज्याला बोलायचे आहे, त्याला बोलण्याची हिंमत यावी एवढेच वातावरण निर्माण करावे. घरी सायंकाळच्या रोझरीला सर्वांचे मोबाईल एका टेबलावर ठेवता आले, तर तीही चांगली सुरुवात ठरेल. वीस-पंचवीस मिनिटे का होईना, नाका घराबाहेर राहील.

त्या अंगरख्याकडे पुन्हा एकदा पाहू या. तो बिनशिवणीचा होता, म्हणून सैनिकांनीही तो फाडला नाही. आपले कुटुंबही असेच सलग विणलेले असते. आई-वडिलांनी घाम गाळून, पै-पै जोडून ते विणलेले असते. ते डावावर लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि कोठे उसवले असेलच, तर ते पुन्हा सांधण्यासाठी प्रभू आपल्याला हात देतो. पापनिवेदनाच्या संस्कारात तो वाट पाहतो, पवित्र मिस्साबलिदानात स्वतःला देतो. डाव न मांडता, परतफेड न मागता, सर्वस्व देणारा तो एकटाच आहे.

हे प्रभू येशू, तुझ्या क्रुसाखाली बसून आम्ही तुझ्याकडे पाठ फिरवली असेल, तर आमची मान वर कर. आमच्यापैकी जे या जाळ्यात अडकले आहेत, त्यांना खरे बोलण्याचे धैर्य दे आणि ते ऐकून घेण्याची माया आम्हांला दे. आमेन.

आपले,
धर्मगुरू