अदृश्य मारेकरी दिसला, तरीही

आमच्या टेबलावर एक जादूगार व्याकरणामुळे मेला. मारेकऱ्याची कट्यार निमित्तमात्र.

खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, २०१४ची पाचवी आवृत्ती. डंजन मास्टर मी. म्हणजे गोष्ट सांगणारी मी, राक्षसांच्या वतीने फासे टाकणारी मी, आणि वाद झाला की निकाल देणारीही मीच. (खऱ्या आयुष्यात फिर्यादी आणि न्यायाधीश एकच माणूस असेल तर आपण बोंब मारू. इथे त्याला रविवारची दुपार म्हणतात.)

जादूगार चालवणारा मुलगा ग्रुपमध्ये नवीन होता. समोर अदृश्य मारेकरी. त्याने ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ मंत्र वापरला, ज्याने अदृश्य प्राणी नेहमीसारखे दिसू लागतात. मग मारेकऱ्याची पाळी आली आणि मी वीस बाजूंचे दोन फासे उचलले. दोन टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा, याला ॲडव्हांटेज म्हणतात.

“ताई, पण तो मला दिसतोय ना?”

मी पुस्तक उघडलं. ‘अदृश्य’ या अवस्थेखाली दोन वेगळे मुद्दे होते. पहिला: असा प्राणी जादू किंवा विशेष इंद्रियाशिवाय दिसत नाही. दुसरा: त्याच्यावरचे हल्ले डिसॲडव्हांटेजने, त्याचे हल्ले ॲडव्हांटेजने. दुसऱ्या मुद्द्यात ‘दिसत नाही म्हणून’ असं कुठेच नाही. मंत्राने पहिला मुद्दा निकामी होतो, दुसरा तसाच राहतो. शिवाय ‘फेअरी फायर’ या मंत्रात स्पष्ट लिहिलंय की अंग उजळलेल्याला अदृश्यतेचा फायदा मिळत नाही. म्हणजे लेखकांना तसं लिहिता येत होतं, इथे लिहिलं नाही. युक्तिवादाला कुठेही फट नव्हती. समोर स्पष्ट दिसणाऱ्या माणसाला अदृश्यतेचा फायदा देणं हा मूर्खपणा आहे, हेही टेबलावर सगळ्यांना कळत होतं. मी दोन फासे टाकले. जादूगार पडला, डेथ सेव्ह तीनदा हुकले. मुलगा “ओके” म्हणाला आणि कॅरेक्टर शीट घडी करून बॅगेत ठेवली.

दोन महिन्यांनी माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीची पॅलाडिन तुरुंगात होती. शस्त्रं काढून घेतलेली. तिने पहारेकऱ्याला ठोसा मारला आणि त्यावर ‘डिव्हाइन स्माइट’ लावायचा म्हणाली. पुस्तकात अट ‘मेली वेपन अटॅक’ची. त्यात ठोसाही बसतो, कारण या पुस्तकात ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘मेली वेपनने केलेला अटॅक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (हो, खरंच.) पण पुढच्याच शब्दांत जादा इजा ‘शस्त्राच्या इजेत’ मिळवा असं आहे, आणि मूठ म्हणजे शस्त्र नव्हे. अधिकृत खुलाशातही उत्तर ‘नाही’ असंच आहे. फक्त पुढे जोड दिली आहे की डंजन मास्टरने परवानगी दिली तर खेळाचा तोल बिघडत नाही. मी पुस्तक न उघडताच हो म्हटलं. पहारेकरी भिंतीवर जाऊन आदळला, टाळ्या पडल्या.

आवाज ओसरल्यावर तो मुलगा म्हणाला, “मग माझ्या वेळी?”

माझ्याकडे उत्तर होतं, हीच अडचण आहे. नियम जसा लिहिलाय तसा, जसा अभिप्रेत होता तसा, जशी मजा येईल तसा: या तिन्ही वाचनांना या खेळात मान्यता आहे. मी पहिल्या वेळी एक वापरलं, दुसऱ्या वेळी तिसरं. दोन्ही निकाल सुटे घेतले तर कोणासमोरही टिकतील. पण शेजारी ठेवले की दिसतं, मी अर्थांचेही दोन फासे टाकले होते. मैत्रिणीसाठी मोठा आकडा धरला, त्याच्यासाठी लहान.

मी लबाडी केली नव्हती. त्या मुलाबद्दल काही आकसही नव्हता. पण पॅलाडिनची सगळी कहाणी मला पाठ होती. ती कोणावर चिडली आहे, तो ठोसा तिला का मारायचाय, सगळं. जादूगाराबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. ओळखीचं माणूस समोर असलं की आपल्याला नियमाचा हेतू दिसतो. अनोळखी माणसासाठी आपल्याजवळ फक्त अक्षरं असतात.

मग कायम अक्षरावरच चालायचं का? ग्रुपमधल्या एकाचं तेच म्हणणं होतं. पण ठोशाच्या प्रकरणात अक्षरंच एकमेकांशी भांडत होती. आणि कायम हेतू पाहायचा तर हेतू ठरवणार कोण? मीच. नवीन आलेल्या मुलाला माझ्याविरुद्ध निदान पुस्तक तरी उचलून दाखवता येतं, माझं मन नाही येत. अक्षर हे त्याचं संरक्षण होतं, आणि त्याला मारलंही अक्षरानेच. या कोड्यातून मी अजून पूर्ण बाहेर पडलेले नाही.

आपल्याकडे याहून मोठ्या डावावर एका शब्दाचा वाद झाला आहे. वारसा कोणाला, हे ‘सपिंड’ या शब्दावर ठरायचं. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने पिंड म्हणजे देह असा अर्थ घेतला, म्हणजे रक्ताचं नातं. बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभाग’ ग्रंथात श्राद्धाचा पिंड असा घेतला. त्यामुळे महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये वारसांचा क्रम वेगळा झाला. कोणाचा तरी वाटा यात गेलाच असणार. पण तुमचा प्रांत कोणता अर्थ मानतो, हे निदान बाप जाण्याआधीच ठरलेलं असायचं. भाऊबंद समोर उभे राहिल्यावर, त्यांचे चेहरे बघून नव्हे.

आता आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी निकाल लिहून ठेवते. एकदा दिलेला अर्थ गॉब्लिनांनाही लागू. जादूगाराला परत आणू का, असं मी त्याला विचारलं होतं. “नको ताई, मेलाय तो आता,” म्हणाला.

२०२४ मध्ये नवीन पुस्तक आलं. त्यात अदृश्य प्राणी ज्याला दिसतो त्याच्याविरुद्ध हल्ल्यातला हा फायदा मिळत नाही. आणि डिव्हाइन स्माइट आता ठोशावरही चालतो. दोन्ही पानांचे फोटो मी ग्रुपवर टाकले. मैत्रिणीने लगेच लिहिलं, “बघ, माझंच बरोबर होतं!” त्याच्या नुसत्या दोन निळ्या टिका आल्या. पुढच्या रविवारी तो नवीन कॅरेक्टर घेऊन आला, आणि फासे काढण्याआधी त्याने वही मागून घेतली.