आवाज नाही, म्हणजे बिघाड नाही?

व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते. गॅरेजात तिला टॅपेटचा गॅप म्हणतात. हवेने थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ती साधारण ०.१५ मिलिमीटर असते. वऱ्हाडात बीटल क्वचितच दिसेल. पण हवेवर थंड होणारे जुने आयशर ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे डिझेल पंप अमरावती-अकोल्याच्या मिस्त्र्यांना परके नाहीत, आणि ही फट बिघडण्याचे दुखणे तिथेही असते.

फट वाढली की टॅपेट वाजतात. व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, ताकद थोडी घटते, पण लगेच मोठे नुकसान होत नाही. फट कमी झाली की इंजिन उलट पूर्वीपेक्षा गुळगुळीत चालते आणि मालक खूश होतो. खरा धोका इथेच असतो. एग्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो बैठकीवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. फटच उरली नाही तर तो पुरता टेकत नाही, तापलेला वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. तोवर कानाला काहीही कळत नाही.

मग गप्प इंजिनावरून ‘बिघाड नाही’ असे म्हणणारा ते कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने, म्हणतो? अभावाचे ज्ञान कसे होते, हा भारतीय दर्शनांतला जुना तंटा आहे. कुमारिल भट्टांच्या अनुयायी मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न जाणवणे, हे सहावे प्रमाण मानले. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नाही. त्यांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. एका अटीवर मात्र दोघांचे जमते: वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. या अटीला योग्यता म्हणतात.

योग्यता साधनाप्रमाणे बदलते. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी शास्त्रग्रंथ इतरांकडून वाचून घेऊन आत्मसात केले आणि पुढे पाश्चात्त्य विकासवादाचीही चिकित्सा केली. शब्द जाणायला कान पुरेपूर योग्य असल्यामुळे तिथे काही अडले नाही. टॅपेटच्या बाबतीत मात्र कान अर्ध्याच प्रश्नाला योग्य आहे: वाढलेली फट त्याला कळते, घटलेली कळत नाही. म्हणून आवाज नसणे हा बिघाड नसल्याचा पुरावा होत नाही.

आवाज असणेही निर्विवाद नसते. एग्झॉस्टचे गॅस्केट फुटले तरी तशीच टकटक येते. न्यायशास्त्र अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या खुणेला, सव्यभिचार म्हणते: जे सिद्ध करायचे ते साध्य नसतानाही तो हजर असतो. गॅस्केटचा आवाज पुष्कळदा इंजिन तापल्यावर मंदावतो, त्यावरून थोडा निवाडा करता येतो. टॅपेट आवळत बसून नव्हे.

उरतो फिलर गेज, म्हणजे फट मोजायचे पातळ पाते. त्याचे माप प्रत्यक्ष वाटते, पण तेही फसवू शकते. रॉकरच्या तोंडाला झिजून खळगी पडली असेल तर सपाट पाते खळगीवरून सरकते आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. त्यामुळे गेज घालण्याआधी ते तोंड डोळ्यांनी पाहणे भाग आहे. दुसरी अट तापमानाची. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे कोमट इंजिनावरचे माप कोणत्याच अवस्थेचे नसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुपारी चालवलेले इंजिन तासाभरात थंड झाले असे धरणे चूक आहे. रात्रभर उभे ठेवून पहाटे मोजावे. तपासायचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आणून मगच गेज घालावे.

जुन्या बीटलमध्ये तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत ऑइल कूलर असे. त्या सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्यासाठी कुप्रसिद्ध होता. १९७० च्या सुमारास कूलरची जागा बदलली. असा एखादाच सिलिंडर वेळीच ओळखता यावा म्हणून कोणत्याही इंजिनात मापे वहीत लिहून ठेवावीत. एकाच एग्झॉस्टची फट दर वेळी कमी भरत असेल तर व्हॉल्व्ह ताणला जात आहे किंवा बैठकीत खचत आहे, आणि टॅपेट पुन्हा सेट करण्यापेक्षा हेड उतरवणे स्वस्त पडते.