देहाची उपासना: जॉन नॉयमायर यांचे बॅले

अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९३९ मध्ये जन्मलेले नृत्यरचनाकार जॉन नॉयमायर यांनी १९७३ ते २०२४ अशी एक्कावन्न वर्षे हॅम्बुर्ग बॅलेची धुरा वाहिली. जेझुइट धर्मसंघाच्या मार्क्वेट विद्यापीठात त्यांनी साहित्य आणि नाट्य यांचा अभ्यास केला. १९६३ मध्ये ते श्टुटगार्टला जॉन क्रँको यांच्या बॅलेसमूहात दाखल झाले आणि १९६९ मध्ये फ्रांकफुर्टच्या बॅलेचे संचालक झाले. कॅथलिक श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. रंगमंचावर नाचणारा देह उपासना करू शकतो का, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत म्हणूनच पुनःपुन्हा समोर येतो.

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारी रचना म्हणजे संगीतकार बाखने येशूच्या यातना आणि मृत्यूवर रचलेल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’वरील बॅले. त्यातील काही भाग १९८० मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट मिखाएलिस चर्चमध्ये सादर झाले. पूर्ण बॅले १९८१ मध्ये रंगमंचावर आले. सुरुवातीच्या प्रयोगांत येशूची भूमिका नॉयमायर स्वतः करीत. यावरचा आक्षेप उघड आहे, आणि तो हलका नाही. प्रार्थनेला प्रेक्षक लागत नाही, नर्तकाला लागतो; शिवाय जो देव म्हणून पूजला जातो त्याचे सोंग माणसाने कसे घ्यावे?

उत्तर बाखच्या संगीतातच दडलेले आहे. त्यात येशूला क्रूसावर द्या म्हणून ओरडणारा जमाव आणि त्याच्यासाठी शोक करणारे भाविक या दोघांचेही गायन एकच गायकवृंद करतो. मारणारा आणि रडणारा असे दोन वेगळे वर्ग तेथे नाहीत. नॉयमायर यांनी हे तत्त्व देहांवर उतरवले. साध्या पांढऱ्या वेशातील नर्तक कधी शिष्य होतात, कधी जमाव, कधी नुसते साक्षीदार. त्यामुळे हुबेहूब सोंगाचा हेतूच उरत नाही. शब्दाने कबूल केलेला अपराध देहाने वाहिला की तो अधिक खरा वाटतो, आणि ही रचना उपासनेच्या जवळ जाते ती या सामूहिक कबुलीमुळे. एकट्या येशूच्या चित्रणाने हे साधले नसते.

पुढे मोझार्टचे ‘रेक्विएम’, हँडेलचे ‘मसीहा’ आणि बाखचेच ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ त्यांनी नृत्यात आणले. २००० मधील ‘निजिन्स्की’ हे बॅले धार्मिक संगीतावर बेतलेले नाही, तरी प्रश्न तोच आहे. त्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या हॉटेलात १९१९ मध्ये नर्तक निजिन्स्कीने केलेल्या अखेरच्या जाहीर नृत्यापासून होते. त्या नृत्याला तो देवाशी झालेले लग्न म्हणत असे. त्यानंतर लवकरच त्याचे मानसिक स्वास्थ्य ढळले. सामूहिक आधाराविना एकट्या देहाने परमेश्वराकडे घेतलेली ही झेप नॉयमायर सहानुभूतीने दाखवतात, पण तिची किंमतही झाकत नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना त्यांनी बाखच्या बी मायनर मासवर ‘दोना नोबिस पाचेम’ रचले. पुन्हा समूहच केंद्रस्थानी आला, आणि या वेळी तो शांतीची याचना करीत होता.