नजराणा परत गेला, पण घराचे काय?



सिनेमाचे नाव काढले की आपल्यातले काही वडीलधारे कपाळाला आठ्या घालतात. परंतु पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली काढलेला ‘संत तुकाराम’ त्यांनीही डोळे भरून पाहिला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो केला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस आणि जिजाई झाल्या गौरीबाई. १९३७ साली थेट व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्यातला नजराण्याचा प्रसंग आठवा. शिवाजी महाराजांकडून धन येते. जिजाईला वाटते, अखेर दैव फळले! आणि तुकोबा म्हणतात, हे परत पाठवा. आपण टाळ्या वाजवतो, हरिनामाचा गजर करतो. पण एखादी माउली हळूच विचारते, “महाराज, त्यांनी परत केलं ते खरं, पण लेकरांच्या ताटात काय वाढायचं हो?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्याने प्रपंच केला त्यालाच तो सुचतो.

पहा, तुकोबा काही जन्माचे दरिद्री नव्हते. घरी महाजनकी, सावकारी होती. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी काय केले? परंपरा सांगते, कर्जखते काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपण सोडायचे ते आपले, दुसऱ्याचे नव्हे. आणि त्या सोडण्याने कितीतरी कुळांच्या मानेवरचे ओझे उतरले. साधेपणा म्हणतात तो हा!

आता जिजाईकडे या. ती भांडे, बोले, पण भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढे. कथा सांगते की तिच्या पायात काटा मोडला, तेव्हा तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला. बाबांनो, देव जिच्या पायाशी वाकला तिचे कष्ट आपल्याला दिसू नयेत? बायकोच्या ताटातली भाकरी कमी करून ‘मी विरक्त’ म्हणणारा विरक्त नव्हे, आळशी आहे. आधी आपला विडा, आपली चैन, आपला मोठेपणा कमी करावा. मग घराला उपदेश करावा.

माणसाला किती लागते हे वारकऱ्याला कोणी शिकवावे? देहूहून पंढरपूरपर्यंत एका पडशीत आपले भागते. भाकरी वाटून खातो, उघड्यावर निजतो, आणि तोंडावर आनंद मावत नाही. मग घरी परतल्यावर वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी कोर्टात का उभे राहतो? पडशीत मावले ते मन वाड्यात का मावत नाही?

तेव्हा येत्या एकादशीला एवढेच करा. कोणाची जुनी उसनवारी मनात टोचत असेल, देणारा खरोखरच नाडलेला असेल, तर ती सोडून द्या. बांधाचे भांडण असेल तर एक पाऊल मागे या. आणि रात्री घरच्या माउलीला विचारा, “तू जेवलीस का?”

राजाचा नजराणा आपल्या दारी कधी येणार नाही. आपली कसोटी याच लहान गोष्टींत आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!