गाव कोणाचे?

गाव कोणाचे, ह्या प्रश्नाला 'जो आधी आला त्याचे' असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या गवताळ माळरानावर वसलेल्या व्हिक्टोरिया ह्या लहानशा गावाचा इतिहास वाचताना ते उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले.

१८७३ साली जॉर्ज ग्रँट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने ब्रिटनमधील सधन लोकांसाठी ही वसाहत स्थापिली आणि तिला आपल्या राणीचे नाव दिले. १८७८ साली ग्रँट निवर्तला. माळावरचे खडतर जिणे न मानवल्यामुळे बहुतेक वसाहतकरीही पांगले. दरम्यान, १८७६ साली, शेजारीच हर्झोग नावाची दुसरी वस्ती उभी राहिली होती. तिचे रहिवासी होते व्होल्गाकाठचे जर्मन कॅथलिक. सम्राज्ञी कॅथरिनच्या १७६३ सालच्या आमंत्रणावरून जर्मन कुटुंबे रशियात जाऊन वसली होती. सैन्यसेवेतून त्यांना मिळालेली सूट १८७४ साली काढून घेण्यात आली, तेव्हा त्यांचे वंशज पुन्हा वाटेला लागले.

ह्या शेतकऱ्यांनी १९०८ ते १९११ ह्या काळात संत फिडेलिस ह्यांच्या नावाने भव्य चर्च उभारले. बारा वर्षांवरील प्रत्येक श्रद्धावंताने पंचेचाळीस डॉलर आणि सहा गाड्या दगड द्यावेत, असे ठरले होते. बिशपांचे आसन तेथे कधीच नव्हते. तरीही लोक त्या वास्तूला 'माळरानावरचे कॅथीड्रल' म्हणू लागले. २०१४ साली तिला बसिलिकेचा मान मिळाला. १९१३ साली हर्झोग व्हिक्टोरियात विलीन झाले. गावाला नाव उरले ते निघून गेलेल्यांचे. चर्चला दगड लागले ते नंतर आलेल्यांचे.

आज यंत्रांमुळे शेतीला माणसे थोडी लागतात आणि त्या माळरानावरील कित्येक गावे रोडावत चालली आहेत. व्हिक्टोरियाने त्या मानाने तग धरला आहे. तरीही २०१० साली तेथे १,२१४ माणसे होती, ती २०२० साली १,१२९ झाली. चर्चमध्ये सुमारे अकराशे जण बसू शकतात; म्हणजे जवळजवळ सारा गाव त्यात मावेल. मग जे गाव सोडून जातात, ते पूर्वजांच्या श्रमांशी बेइमान होतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. दगड वाहणारेही एक गाव सोडूनच आले होते. अब्राहामाच्या श्रद्धेचा आरंभही घर सोडण्यानेच झाला.

आमच्याही धर्मग्रामांतून मुले परदेशी जातात आणि शेजारी अनोळखी कुटुंबे राहावयास येतात. जाणाऱ्यांसाठी आम्ही डोळे पुसतो; येणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षे 'बाहेरचे' म्हणतो. सणाच्या कामात त्यांना हाक मारीत नाही आणि नंतर 'त्यांना गावाची आस्था नाही' अशी तक्रार करतो. ही तक्रार न्याय्य नव्हे. आस्था ओझे वाहिल्यानेच उपजते, आणि ते ओझे तर आम्ही त्यांच्यापासून राखून ठेवलेले असते.

गाव त्याचे, जो त्याच्यासाठी दगड वाहतो. हे मान्य असेल, तर नव्याने आलेल्या शेजाऱ्याच्या वाट्यालाही एखादी गाडी येऊ देणे हे आमचे कर्तव्य ठरते.