हेराल्डच्या स्प्रिंगपाशी

बॉनेट उचला. स्टँडर्ड हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं आणि गाडीचं सगळं नाक उघडं होतं.

आता पुढच्या टायरवर बसा. या गाडीत तसं बसता येतं.

कुंभकोणमची सकाळ आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, मधे हे गाव. कुठेतरी पितळेच्या भांड्यावर हातोडी पडते आहे. ऐका. आवाज येऊ द्या. जाऊ द्या.

एक श्वास घ्या.

मग चाकाच्या आत पाहा. वरचा आर्म, खालचा आर्म. त्यांच्या मधे उभा शॉकअप. आणि त्याच्याभोवती तारेचे वेढे, एकावर एक.

तेवढंच पाहा.

ही गाडी तमिळनाडूचीच लेक. मिकेलॉत्ती या इटालियन रेखाकारानं तिला रूप दिलं, 1959 मध्ये ती इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली, आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ती इथे तयार केली. 948 सीसीचं लहानसं इंजिन. वजन 800 किलोंच्या आसपास. मागे एक आडवा पाटा, पुढे या दोन स्प्रिंगा.

पण समोर आहे त्या गाडीत ते इंजिन आता नाही. दुसरं बसवलंय, जड. एसीचा कंप्रेसर आला आहे. रेडिएटर मोठा झाला आहे. गाडीचं नाक झुकलंय.

स्प्रिंगांना हे कुणी सांगितलेलं नाही. त्या जुन्याच भारासाठी वळलेल्या आहेत.

म्हणून नव्या करून घ्यायच्या आहेत. खास या गाडीसाठी. घाई नाही. अजून कुणाला फोन करायचा नाही. आज बसायचं.

हात पुढे करा. बाहेरच्या अंगानं स्प्रिंगला बोटं लावा. गार लोखंड. तेलकट धूळ. कुठे रंग उडालेला, कुठे गंजाची खरबरीत कड.

ती निश्चल दिसते.

थोडं थांबा. निश्चल नाही ती. वरून गाडी दाबते आहे, खालून जमीन. दोन्हींच्या मधे ती या क्षणीही रेटा देऊन उभी आहे. गॅरेज बंद असतं तेव्हाही. रात्रभर. किती वर्षं.

श्वास सोडा. सावकाश.

आता डोळे मिटा आणि त्या तारेच्या आत जा. वरून दाब आला की तार वाकत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. ती पिळली जाते. ओला पंचा पिळताना मनगटांत जे जाणवतं, ते तारेत घडतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वेढ्यामागून वेढ्यात. बाहेरून आपल्याला फक्त उंची कमी झालेली दिसते.

त्या पिळापाशी थोडा वेळ राहा.

दुप्पट ओझं, दुप्पट दबणं. इतकं सरळ. रॉबर्ट हूकनं हा नियम 1678 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच दशकात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि या कावेरीकाठी मराठी बोलली जाऊ लागली, ती अजून बोलली जाते. दोन गोष्टींचा संबंध काही नाही. पण इथे, या टायरवर बसल्यावर, मला त्या शेजारी आठवतात.

चला, जरा उठा. मनानंच.

पश्चिमेला चारेक किलोमीटरवर दारासुरम आहे. ऐरावतेश्वराचं देऊळ, दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं. 2004 पासून ते जागतिक वारशात आहे. तिथला पुढचा मंडप रथाचा आहे. दगडी चाक. दगडी घोडे, उधळलेले.

त्या चाकाशी उभे राहा. तळवा दगडावर टेका.

इथे भार कसा उतरतो? ऐका. छतातून खांबात, खांबातून जोत्यात, जोत्यातून मातीत. कुठेही न थबकता. दगड दबून घेत नाही. त्याला कुठे जायचं नाही.

उत्सवाचे लाकडी रथ मात्र चालतात. दोर ताणले जातात, माणसं चाकाखाली पाचर सारतात, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा कळसापर्यंत पोचतो. वरच्या पताका हलतात त्या वाऱ्यानं आणि खड्ड्यानंही.

आता परत या. टायरवर बसा.

इथे भार थबकतो. जमिनीत जाण्याआधी क्षणभर तारेत राहतो. ते राहणं पाहा.

आता भाराची ओळख करून घेऊ.

भाताचे ट्रक जिथे तोलले जातात, त्या वजनकाट्यावर गाडी न्या. पुढची दोन चाकंच काट्यावर घ्या. टाकीत नेहमीइतकं पेट्रोल असू द्या. स्टेपनी जागेवर असू द्या. नेहमी जे पुढे बसतात त्यांना बसू द्या, त्यांच्या पिशव्यांसकट. कुणाला उतरवू नका.

आकडा येईल. तो लिहा. घाईनं नको.

मग सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत उंची मोजा. डावीकडची. उजवीकडची. दोन्ही सारख्या नसतील. तेही लिहा.

आणि स्वतःला विचारा: ही गाडी किती उंच उभी राहावी? तिनं किती डुलावं?

डुलणं मोजता येतं. भारानं नाक चाकापाशी 25 सेंटिमीटर दबलं असेल, तर ते सेकंदाला एकदा वरखाली होतं. 11 सेंटिमीटर दबलं असेल, तर दीडदा. रोजच्या गाडीला या दोन्हींच्या मधलं काहीतरी मानवतं.

मनात धरा. वर. खाली. एक सेकंद.

वर. खाली.

तुमचा एक संथ श्वास पुरा होतो, तेवढ्यात गाडी चार-पाचदा झुलली असती. शॉकअप तिला तितकं झुलू देत नाही. तो आवरतो. स्प्रिंग धरते.

आणखी एक. स्प्रिंग चाकाच्या आतल्या बाजूला बसते. त्यामुळे चाक जितकं उचललं जातं, त्याहून ती कमी दबते आणि ओझं जास्त घेते. आर्मवर बोटानं अंतर मोजा. आतल्या बुशापासून स्प्रिंगपर्यंत. बुशापासून चाकापर्यंत. हे दोन आकडे कागदावर नसतील, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता तारेकडे.

10 मिलिमीटरची तार 11 केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. एका मिलिमीटरनं. बोटांच्या चिमटीत धरा तो एक मिलिमीटर.

वेढ्याचा व्यास वाढवला की ती मऊ होते. वेढे वाढवले की मऊ होते. वेढा कापला की ताठ होते.

म्हणून कापू नका. गाडी खाली बसवायची म्हणून ग्राइंडरनं एक वेढा उडवणारे आहेत, गॅसच्या ज्योतीनं तापवून स्प्रिंग बसवणारेही आहेत. मला ते पाहवत नाही. ज्योत लागली की त्या जागचं पाणी उतरतं, आणि तिथून पुढे ती तार शब्द पाळत नाही.

श्वास घ्या. राग सोडून द्या. मीही सोडतो.

भट्टीपाशी चला. सिलिकॉन-मँगेनीजचं पोलाद, किंवा क्रोम-व्हॅनेडियम. सळई तापते. 900 अंशांच्या आसपास तिचा रंग नारिंगी होतो. बघत राहा. कारागीर ती फिरत्या दांड्यावर चढवतो आणि सरळ सळई वेढे घेत जाते.

मग तेलात. एक फुत्कार. धूर.

आता ती कठीण आहे, पण ठिसूळ. म्हणून पुन्हा ऊब, 400 अंशांच्या वर, कठीणपणा थोडा सोडण्यासाठी. ही दुसरी ऊब घाईत उरकलेली चालत नाही.

त्यानंतर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा. कातडीभर सूक्ष्म खळगे. त्यानं पृष्ठभाग आतल्या आत आवळला जातो आणि तडा लवकर सुरू होत नाही.

शेवटी तिला पूर्ण दाबतात, वेढ्याला वेढा टेकेपर्यंत. सोडतात. पुन्हा दाबतात. थोडी उंची ती कायमची गमावते. ही गमावलेली उंची कारागिरानं आधीच धरलेली असते.

आता गाडीपाशी. जुनी स्प्रिंग शॉकअपसकट बाहेर येते. वरचा नट सोडण्याआधी ती क्लॅम्पनं दाबून धरा. इथे चित्त पूर्ण हातात असू द्या; सुटलेली स्प्रिंग माणूस पाहत नाही.

नवी जोडी बसवा. आर्मच्या बुशांचे बोल्ट सैलच ठेवा. जॅक उतरवा. पुढे माणसं बसू द्या. गाडी हातभर पुढे ढकला, हातभर मागे. नाक दोनदा दाबून सोडा.

थांबा. तिला बसू द्या.

उंची मोजा, डावीकडे, उजवीकडे. कागदाशी ताडून पाहा.

आता बोल्ट आवळा. चाकं जमिनीवर असतानाच, म्हणजे बुशांचं रबर या उंचीला पिळाशिवाय राहील. काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा.