मोड आलेल्या मटकीला विचार

प्रिय शाल्मली,

डायजेस्टच्या पानाचा फोटो पाहिला. खाली तुझी ओळ, ‘आत्या, हे पाठ झालं.’ तीच वाचून धास्ती वाटली.

त्यात छापलंय, ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात.’ किती गुळगुळीत वाक्य, जिभेवर अडकतच नाही! आता स्वयंपाकघरात जा. आईनं फडक्यात बांधलेली मटकी भर दुपारी सोड, आत बोटं घाल. जराशी ऊब लागेल. मोड पांढरेफटक, त्यात हिरवं काही नाही. मग ऊब कुठली? दाण्यातलं साठवलेलं अन्न पेशी वापरताहेत, त्याची. श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषणाचा जोर एवढा, की श्वसनातला कार्बन डायऑक्साइड तिथल्या तिथे खपतो, म्हणून बाहेर कळत नाही. हे उमजलं की प्रश्न फिरवून आला तरी घाम फुटत नाही.

मी दहावीचे पेपर तपासायचे, तेव्हा एकाच गठ्ठ्यात कितीतरी जणांनी पेशीविभाजनाच्या प्रश्नात ‘मध्यावस्था’ लिहून खाली गुणसूत्रं दोन टोकांना सरकलेली काढली होती. ती तर पश्चावस्था! सगळ्यांचं गाईड एकच असणार. नाव नीट वाचलं असतं तरी पेन्सिल थांबली असती. गुण कापताना हात जड झाला.

आणि छापणारी मोठी माणसंही चुकतात बरं. पेंटर नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये माणसाची गुणसूत्रं ४८ मोजली आणि जग तीसेक वर्षं तेच शिकवत राहिलं. १९५६ मध्ये चिओ आणि लेवान यांनी ४६ प्रसिद्ध केली. मधल्या काळात कुणाला ४६ दिसलीच नसतील? मला तर वाटतं, दिसली असतील आणि त्यांनी आपल्याच डोळ्यांना दटावलं असेल.

पण पेपरात शहाणपणा पाजळू नकोस हं. एका ग्लुकोजपासून एटीपी किती? जुना हिशेब ३८, नवा ३० ते ३२. तू तुझ्या पाठ्यपुस्तकात असेल तेच लिही. विज्ञान भाग २ ला दोन तास आणि ४० गुण. तिथे कुणाशी भांडतेस?

यापुढे आधी सगळं मिटून स्वतःचं उत्तर लिही, मग डायजेस्ट उघड. दोन्हींत फरक पडला की पाठ्यपुस्तक काढायचं. तिथंही अडलं, तर पानावर पेन्सिलीनं खूण करून ठेव. शनिवारी येतेच आहे.

मटकी मात्र संपवू नका. उसळ मला हवी.

तुझी,
आत्या